हाताच्या आधीचा श्वास

रंगमंचामागच्या, सामान ठेवायच्या लांबलचक बोळात एक कापडी चंद्र टांगलेला होता. त्याच्या खाली, खोट्या होडीच्या काठावर बसून, एक माणूस पितळी शिंगातून पाणी झटकत होता.

ती घाईत होती. काखेत स्वरलिपीची जाडजूड वही, कानामागे पेन्सिल. तरी थबकली. शिंग कसलं, पितळी नळीचं भलंमोठं वेटोळंच ते, पुढे कमळासारखं उमललेलं. तो ते हळूच फिरवी आणि जमिनीवर दोन थेंब टपकत.

"इथे थुंकायला मनाई आहे," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "थुंकी नाही हो, श्वास आहे. आतलं पितळ गार असतं ना... श्वासाचं पाणी होतं." मग जरा थांबून म्हणाला, "मला सांभाळायला येणार होत्या, त्या तुम्हीच का?"

"मी कुणाला सांभाळत-बिंभाळत नाही. मी फक्त हात देते."

बोलून गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने मान खाली घालून शिंग पुसायला घेतलं, पण हसू काही त्याला पुसता आलं नाही.

हे ऑपेरागृह होतं. इथे नाटकातली माणसं बोलत नाहीत. रागावली तरी गातात आणि मेली तरी गातगातच मरतात. रंगमंचाच्या पुढे एक मोठा खड्डा असतो. त्यात सत्तर-ऐंशी वादक बसतात आणि त्यांच्यासमोर उंचावर उभा राहून एक माणूस हातातल्या छडीने सगळ्यांना एकत्र चालवतो. तो संचालक. इथल्या संचालकांना सगळे थोरले म्हणत, म्हणून त्यांची ही साहाय्यक आपोआप धाकटी झाली.

धाकटीचं काम म्हणजे सगळं येणं आणि काहीच न करणं. गायकांना पियानोवर गाणी बसवून द्यायची, तालमीत अंधाऱ्या प्रेक्षागृहात मागे बसून वाद्यांखाली आवाज दबतात का ते पाहायचं. शिवाय सगळा ऑपेरा तोंडपाठ ठेवायचा, न जाणो, थोरले कधी आजारी पडले तर. पण थोरल्यांना तीस वर्षांत साधी शिंकसुद्धा आली नव्हती. ती ज्या मावशीकडे राहायची, तिने शेजारी सांगून ठेवलं होतं की भाची कंडक्टर आहे. शेजारच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, कुठल्या मार्गावर असतेस गं? धाकटी म्हणाली, "अजून डेपोतच आहे, काकू."

या खेपेला तिच्याकडे आणखी एक काम आलं होतं. तिसऱ्या अंकात नायिका चांदण्या रानात एकटी उभी असते. दूरवरून प्रियकराचं शिंग ऐकू येतं, सात सूर फक्त, आणि सातव्या सुरावर ती गायला लागते. शिंग दूरचं वाटायला हवं, म्हणून वादक पार मागे, या बोळात. त्याला खड्डा दिसत नाही. भिंतीवर टीव्हीसारखा छोटा पडदा होता, त्यावर थोरले दिसत. त्यांचा हात पाहून धाकटीने शिंगवाल्याला हात द्यायचा, म्हणजे वाजवायची खूण करायची. सोपं होतं. निदान तिला तसं वाटलं.

पहिल्या तालमीत तिने थोरल्यांचा हात पडला तसाच आपला हात पाडला, अगदी केसाचाही फरक न ठेवता. शिंग वाजलं. तिसऱ्या सुरालाच सगळा वाद्यवृंद थांबला आणि ध्वनिवर्धकातून थोरल्यांचा आवाज बोळात आला.

"रानातले प्रियकर झोपले होते का? नायिका दुसरं स्थळ बघेल."

खड्ड्यात हशा पिकला. धाकटीने तोंड उघडण्याआधीच शिंगवाला म्हणाला, "माझं चुकलं. श्वास कमी पडला."

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. चूक त्याची नव्हती. मग दबक्या आवाजात तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तिची चूक आपल्या अंगावर घ्यायला त्याला सांगितलं होतं कुणी? तो शांतपणे म्हणाला, मी बदली वादक, आज इथे तर उद्या तिथे. माझ्या नावावर एक चूक जास्त झाली तर काय बिघडतं?

"माझं बिघडतं," ती म्हणाली. "माझी चूक मला लागते. परत असं करू नका."

जेवणाच्या सुटीत ती थोरल्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि चूक आपली होती असं सांगून मोकळी झाली. थोरले संत्रं सोलत होते. त्यांनी अर्धं तिला दिलं.

"आवाज म्हणजे मोठा आळशी प्रवासी," ते म्हणाले. "मागून पुढे यायला वेळ लावतो. मी निघाल्यावर तू निघालीस तर उशीर होणारच. लांब राहणाऱ्याने आधी निघावं, पोरी, तरच जेवायला सगळे एकत्र बसतात."

"पण सर, तुमचा हात हलायच्या आधी मला कळायचं कसं?"

"हात हलवण्याआधी माणूस श्वास घेतो," थोरले म्हणाले. "तो बघ."

दुसऱ्या दिवशीपासून ती त्या धुरकट पडद्यावर थोरल्यांची छाती पाहू लागली. ती किंचित वर आली की हिचा श्वास वर. आणि समोर हातभर अंतरावर उभा असलेला शिंगवाला हिचा श्वास पाही आणि आपला घेई. तिघांचा श्वास एका दोरीत ओवल्यासारखा व्हायचा, मग तिचा हात पडे आणि शिंग बोले. समोरच्या प्रेक्षकांना ते बरोब्बर वेळेवर ऐकू येई.

त्याचे सात सूर यायच्या आधी रोज पाऊण तास वाट पाहावी लागे. वाद्यवृंदाचा आवाज बोळात पाण्याखालून आल्यासारखा यायचा. रंगवलेली झाडं चाकांवरून सरकत जायची. मग कुणीतरी दोर ओढी आणि कापडी चंद्र पोटात दिवा लावून त्यांच्या डोक्यावरून संथपणे वर जाई... तेवढा वेळ दोघांच्या तोंडांवर चांदणं. त्या चांदण्यात ते कुजबुजत. त्याने सांगितलं, सहा शहरांत वाजवलंय, पण खुर्ची कुठेच आपली नाही. इथली एक जागा रिकामी झाली होती. महिन्याभराने परीक्षा होती. कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसू नये म्हणून ती पडद्याआडून घेत.

"म्हणजे तुमचं देखणेपण वाया," ती म्हणाली.

"तुम्ही ते पाहिलंत, हे आजच कळतंय," तो म्हणाला, आणि दोघंही एकदम पडद्याकडे पाहू लागले. पडद्यावर थोरले पान उलटत होते. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी मावशी म्हणाली, "हल्ली घास तोंडाशी नेतेस, श्वास घेतेस आणि थांबतेस. कोणाची वाट बघतेस?"

"तालाची," धाकटी म्हणाली.

"तालाचं नाव काय?" मावशीने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता वाढायला वळली.

अकराव्या प्रयोगाच्या दिवशी धाकटीच्या वहीत एक पत्र होतं. दिवसभराच्या आगगाडीच्या अंतरावर एक लहान ऑपेरागृह होतं. त्यांना संचालक हवा होता. साहाय्यक नव्हे, संचालक. शेवटचा, रविवार दुपारचा प्रयोग साहाय्यकाने करायचा, तोही तालमीशिवाय, अशी इथली जुनी रीत. त्या दिवशी तिकडची दोन माणसं तिला पाहायला येणार होती.

तिने पत्र शिंगवाल्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं.

"म्हणजे रविवारी चांगलं झालं तर तुम्ही जाणार."

"हो."

"आणि बिघडलं तर?"

"तर... डेपो."

तो बराच वेळ शिंगाच्या कळांवर बोटं हलवत राहिला, आवाज न करता. मग म्हणाला, "माझी मोठी पंचाईत आहे. त्यातले सात सूर माझ्या हातात आहेत."

तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. तिला काहीतरी बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं... तेवढ्यात चंद्र वर जाऊ लागला, आणि तिने नेहमीप्रमाणे आधी पडद्याकडे पाहिलं.

रविवारी मागे उभं कोण राहणार, हा प्रश्न होता. थोरले म्हणाले, मीच राहतो. इतकी वर्षं तो चंद्र लांबूनच पाहिला, एकदा जवळून बघू.

दुपारी प्रेक्षागृह भरलं. धाकटी खड्ड्यात उतरली, छडी उचलली आणि पहिल्याच सुराला तिला जाणवलं की आपल्या पायांखाली काहीतरी प्रचंड मोठं, जिवंत, हललं. पहिला अंक गेला, दुसरा गेला. वादक तिच्याबरोबर होते, गायक तिच्याबरोबर होते. पाठीमागे कुठेतरी ती दोन माणसं बसली होती.

तिसरा अंक. चांदणं पडलं. नायिका रानात आली आणि गप्प उभी राहिली. व्हायोलिनं इतकी हळू झाली की आता आहेत की नाहीत ते कळेना.

इथे शिंग यायचं होतं. इथून ते तिला दिसत नव्हतं. तिच्या हातात काहीच नव्हतं. मधे झाडं, कापडं, भिंती, लांबलचक बोळ. तो चुकला असता तर कुणालाच आश्चर्य वाटलं नसतं. बदली वादक, नवा हात. अर्धा क्षण उशीर पुरेसा होता. आणि ती इथेच राहिली असती... त्याच्या समोर, चंद्राखाली.

तिने श्वास घेतला.

हात अजून हललाही नव्हता, आणि पहिला सूर निघाला. रानापलीकडून आल्यासारखा, मऊ आणि खरा. तिची छडी खाली येत गेली तसतसा तो सूर येऊन तिच्या टोकावर अलगद टेकला. मग दुसरा, तिसरा. सातव्यावर नायिकेने मान वर केली आणि गायला लागली. धाकटीच्या डोळ्यांसमोर वहीतली अक्षरं पुसट झाली. सगळं पाठ होतं म्हणून बरं.

प्रयोगानंतर ती दोन माणसं भेटायला आली. पुढल्या महिन्यात या, असं म्हणाली. त्यांना वाटलं, ती पगार विचारेल, घर विचारेल. तिने विचारलं, तुमच्याकडे शिंगं किती? ती माणसं गडबडली. तीन, चौथे वादक गेल्या वर्षी निवृत्त झाले, जागा अजून भरायची आहे.

तेवढ्यात थोरले तावातावाने आले.

"तुझ्या त्या शिंगवाल्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही," ते म्हणाले. "मी हात देतोय, तो आपला भिंतीवरच्या पडद्याकडे बघतोय. तुझ्याकडे. तीस वर्षांत माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता." मग त्यांनी खिशातून एक संत्रं काढून तिच्या हातावर ठेवलं. "जा आता. अर्धं त्याला दे."

बोळात चंद्र खाली उतरवलेला होता, दिवा अजून चालू. तो होडीच्या काठावर बसला होता. शिंगातून पाणी झटकत होता. दोन थेंब पडले.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"माहितीये. मीच तर पाठवलं." त्याने मान वर केली नाही. "खरं सांगू? पहिल्या सुराच्या आधी मनात आलं होतं, की जरासा... पण तुम्ही श्वास घेतलात."

ती त्याच्या शेजारी बसली आणि संत्रं सोलू लागली. साल तुकड्यातुकड्यांनीच निघत होती. तो काहीतरी बोलायला गेला.

"थांब," ती म्हणाली. "आधी मी. नेहमी मी कोणाच्या तरी हाताची वाट बघते. मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून... तू थुंकत होतास तेव्हापासून."

"श्वास होता तो," तो हळूच म्हणाला.

"तिथे शिंगाची जागा आहे. पण परीक्षा तिथेही पडद्याआडूनच. माझ्या ओळखीचा काही उपयोग होणार नाही."

"पडद्याआडून वाजवायची मला सवय आहे." आता त्याने तिच्याकडे पाहिलं. "इथली परीक्षा राहू दे. पण इथल्या पुढच्या ऑपेरासाठी मला आणखी दोन महिने थांबावं लागेल. तू तिकडे, मी इकडे."

"लांब जायचंय ते मला," ती म्हणाली. "म्हणून मी आधी निघते."

अर्धं संत्रं तिने त्याच्या हातावर ठेवलं आणि हात तिथेच राहू दिला. चंद्राच्या पोटातला दिवा मालवायला कुणी आलं नाही. तिने श्वास घेतला, आणि त्याच क्षणी त्यानेही.