गंजक्या पत्र्यामागची साळूबाई

एमपीथ्रीवर गाणी ऐकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. उकळलेली चहापावडर वाळवून परत उकळणाऱ्याला काय सांगायचं? मी निषाद, मूळचा अकोल्याचा. नोकरी हिंजवडीत, भाड्याची खोली भरे गावात. लग्नाचं वय हेडफोन निवडण्यात गेलं, असं आई म्हणते.

मे महिन्यात मला 'गंजका पत्रा' या रॉक बँडचे चारही अल्बम लॉसलेसमध्ये मिळाले. लॉसलेस म्हणजे रेकॉर्डिंगमधला एक श्वाससुद्धा गाळलेला नसतो. पुण्यातल्या चार पोरांनी २००९ ते २०१२ मध्ये हे अल्बम केले आणि मग भांडून वेगळे झाले. शनिवारी दुपारी मी पहिल्यापासून क्रमाने ऐकायला बसलो. क्रम मोडणाऱ्याला मी माणूस समजत नाही.

तिसऱ्या गाण्यात गिटारच्या मागे बांगड्या वाजल्या. वा! स्टुडिओतल्या बांगड्यासुद्धा! मग आठवलं, बँडमधले चौघेही दाढीवाले. चौथ्या गाण्यात एक बाई स्वच्छ म्हणाली, "अवं, टोपी पायरीवर ठिवू नगा. कुत्रं नेतंय."

हेडफोन काढून खिडकीतून खाली पाहिलं. घरमालक कुशाबा, सगळ्यांचे आबा, पायरीवर बोडक्या डोक्याने बसले होते. टोपी शेजारी.

जुनी एमपीथ्री लावून पाहिली. त्यात नुसतं गाणं.

कुशाबांची बायको साळूबाई संक्रांतीच्या आधी गेली, मी इथे राहायला यायच्या महिनाभर आधी. आंबेमोहर भाताचं बी तीच राखायची. या घरात बियाण्याला दुसरं कुणी हात लावत नाही. कुठे ठेवलंय ते न सांगताच ती गेली होती. रोपं टाकायची वेळ आली, तरी आबा आठवडाभर घर उपसतच होते. "इकतचं बी टाकलं तर मला वर तोंड दाखवाय जागा न्हाई ऱ्हायची," म्हणायचे.

मी त्यांना वर बोलावून हेडफोन घातला. ते ऐकत राहिले. डोळे भरून आले.

"साळू हाय. पाच म्हैन्यांनी बोलली. त्ये बी खेकसूनच."

"आबा, हे शक्य नाही. भुताखेतांवर माझा..."

"भूत कसलं? बायकू हाय माझी. फुडं लाव."

दुसऱ्या अल्बममध्ये, ड्रमच्या दणक्यात, साळूबाईने सांगितलं. बी तिच्या रुखवताच्या पेटीत होतं, शालूखाली. आबांनी मूठभर नाकाशी धरलं आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, का ते विचारू नका.

मग रोज चहाच्या वेळी आबा हजर. माझ्यासाठी गरम भाकरी घेऊन यायचे, ड्रमवाल्याला शिव्या घालायचे आणि ऐकत बसायचे. चौथा अल्बम संपताना ते एकदम हसले.

"येतो की. लावणी तर हु दे."

साळूबाई काय म्हणाली ते ऐकायला मी हेडफोन घेतला आणि गाणं मागे नेलं.

"येताय न्हवं?"

"येतो की. लावणी तर हु दे."

हा दुसरा आवाज आबांचा होता. २०१२ च्या रेकॉर्डिंगमध्ये.

"बरं. तवर थांबते."

भाताची लावणी काल उरकली.

काल संध्याकाळीच मी ते पाप केलं. चारही अल्बमची एमपीथ्री केली, सगळ्यात हलकी, आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. इथे मला दुसरं आहे कोण? मला आबा हवे होते.

आज दुपारी आबा पाय धुऊन, कोरी टोपी घालून माझ्या खुर्चीत बसले. "लाव."

लावलं. त्यांनी चौथा अल्बम शेवटपर्यंत ऐकला. चेहरा उतरला.

"न्हाई कोण."

मला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही. खात्रीसाठी हेडफोन मी घातला. शेवटचं गाणं संपलं.

साळूबाईने मला कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

"निषाद, मला काढून टाकतोस व्हय रं? बरं. आता तूच त्यास्नी घिऊन ये."