वाजवून घेतलेलं कॅरिअर

ठण्!

राणीच्या हातून चमचा फरशीवर पडला आणि गुपचूप जेवणाऱ्या सगळ्यांच्या माना वळल्या. राणीकडे नाही, वीरधवलकडे!

"काय रं, चमचासुदिक सांभाळता येत न्हाई तुला?" हंबीरमामा गरजले.

"पप्पा, चमचा माझा होता," सात वर्षांची राणी म्हणाली. तिचा प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवलेला होता.

"तू गप जेव. त्याच्यापायीच पाय मोडलाय तुझा!"

वीरधवल नुसताच भाकरी कुस्करत राहिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो धाकट्या बहिणीला, राणीला, सायकलवर डबलसीट घेऊन निघाला, मागचं कॅरिअर मोडलं आणि राणी पडली. मामांनी त्याला गल्लीसमोर पट्ट्याने बडवलं. सायकलला कुलूप लागलं. तेव्हापासून गल्लीतली पोरं त्याला 'लंगडीचा ड्रायव्हर' म्हणत.

दिवाळीच्या सुटीला साताऱ्याहून मामांकडे आलेल्या संयोगिताला हे ऐकवेना. वीरधवल तिच्याहून वर्षानेच लहान. विषय बदलायला ती म्हणाली, "मामा, आमच्या शाळेची सायकल सहल आहे, कोयनानगरपर्यंत! दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवता येतील असं कॅरिअर हवंय मला. म्हणून तर सायकल एसटीच्या टपावर टाकून आणलीय."

"मामाची हितं कुपवाडात कॅरिअरची शेड असताना दुकानात कशाला जातीस? माल तयार हाय, हवं ते उचल. ह्या ड्रायव्हरलाबी ने, धूळ पुसायला!"

घरामागच्या शेडमध्ये कॅरिअरचा ढीग लागला होता.

"हे घे ताई, हलकं आहे," वीरधवल म्हणाला.

"छे! हे नुसतं सीटखालच्या दांड्याला आवळायचं. घाटात शेपटीसारखं हलेल!"

"मग हे?"

"आखूड आहे रे. पायडल मारताना टाच पिशवीला लागेल. मला लांब हवं, आणि त्याचे पाय थेट चाकाच्या आसापर्यंत उतरलेले हवेत."

"कॅरिअर बघतेस की नवरा?" वीरधवल खुदकन हसला. कितीतरी दिवसांनी!

शेवटी एक काळंकुळकुळीत, लांब कॅरिअर तिच्या मनात भरलं. आई बाजारात माठ वाजवून घेते तसं तिने ते पान्याने वाजवलं. एक पाय म्हणाला, टण्ण! दुसरा म्हणाला, थप्प.

"हा पाय मेलाय की काय?"

दोघांनी ढीगच वाजवायला घेतला. टण्ण, टण्ण, थप्प! आणि थप्प वाजणाऱ्या प्रत्येकाच्या सांध्यावर रंगाचा जाड थर!

संयोगिताने आपल्या कॅरिअरचा सांधा किल्लीने खरवडला. काळा रंग निघाला, करडा भुगा पडला.

"पुट्टी! वेल्डिंग सुटलेलं झाकलंय!"

तिने आणखी खरवडलं, तर खालून गुलाबी रंग डोकावला. वीरधवलचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई... हा रंग राणीचा! खंडेनवमीला पूजेआधी तिनंच लावला होता. हेच ते कॅरिअर! पप्पा म्हणाले, भंगारात घातलं."

"भंगारात? अरे, ते मला द्यायला निघाले होते!"

ती खरवडतच राहिली. गुलाबी रंगही निघाला आणि त्याच्याखाली पुन्हा करडी पुट्टी! पुट्टीखाली गंजलेली भेग.

"वीर, नीट बघ! राणीने रंग लावला, त्याच्याही आधी हे मोडलेलं होतं! तुला कुणी दिलं हे?"

"पप्पांनी. स्वतःच बसवून दिलं." त्याने भेगेवरून बोट फिरवलं. "आणि 'तू खड्डा बघितला नाहीस' म्हणून मारलं गं मला!"

"डोळे पूस. मला एक युक्ती सुचलीय. फक्त बसायचं सोंग करायचं, कळलं?"

संध्याकाळी शिराळ्याचे दुकानदार लालासाहेब माल न्यायला आले. मामा चहा पाजत सांगत होते, "एकदम मजबूत काम!"

तेवढ्यात संयोगिता आपली सायकल ढकलत अंगणात आली. मागे तेच कॅरिअर आवळलेलं, खरवडलेल्या जागी बुटाचं काळं पॉलिश!

"लालासाहेब, किती मजबूत आहे बघा! आमचा वीर बसून दाखवतो."

मामांची नजर सांध्यावर गेली. वीरधवलने टांग टाकली मात्र...

"बसू नगंस! मोडंल ते!" मामांच्या हातातला चहा धोतरावर सांडला.

लालासाहेबांनी कप खाली ठेवला.

"मजबूत काम ना, मामा?" संयोगिताने विचारलं. "मग मोडेल हे तुम्हाला कसं ठाऊक?"

मामा धोतर झटकू लागले. तिने पॉलिश पुसलं आणि एकेक थर दाखवला. काळा रंग, पुट्टी, राणीचा गुलाबी, पुन्हा पुट्टी आणि ती भेग!

लालासाहेब पाना घेऊन शेडमध्ये शिरले. थप्प वाजलं की ते कॅरिअर जमिनीवर आपटत. सांधे सटासट सुटत होते.

"आवं हंबीरराव, ह्याच्यावर लोकांची पोरं बसत्यात! तुमचा एक नग नेणार न्हाई मी!" मग ते मुलांकडे वळले. "शाब्बास गं पोरी! आणि तू रं गड्या, लय धीराचा हायस!"

मामीने बाहेर येऊन सायकलच्या कुलपाची किल्ली वीरधवलच्या हातात ठेवली. मामांनी मात्र त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बघतोस काय? तुकडं गोळा कर," म्हणाले आणि आत निघून गेले. वीरधवल सवयीने वाकला आणि तुकडे वेचू लागला.

ओट्यावर बसलेल्या राणीने संयोगिताची ओढणी ओढली.

"ताई, कॅरिअर मोडकं आहे हे पप्पांना आधीच ठाऊक होतं?"

"हो गं."

"मग त्यांनी दादाला का मारलं?"