खालच्या दोरीवरची हाक

ही गोष्ट इतकी खरी आहे की तुमच्यापैकी एकही जण तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. लावा पैज.

मान्य, माझ्या नावावर थापा पुष्कळ आहेत. एक मासा माझी टोपी परत द्यायला घरापर्यंत आला होता, ही थाप होती. टोपी त्याने ठेवूनच घेतली.

पण ही थाप नाही.

मार्चचा दुसरा शनिवार. दुपारचे तीन. जागा, आमच्या गावाच्या वर जंगलात वाहणारा ला मिर्ला ओढा.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या खोलीत पाणी समिती बसली होती. तिथे सांगितलं, तेच इथे सांगतो.

"आर्सेसियोकाका, थोडक्यात," अध्यक्ष नूबिया म्हणाली. "ओढ्याचा वेग मोजायला दोन माणसं लागतात. फिदेलिनोकाका जाऊन चार महिने झाले. एकट्याचे आकडे वरचं खातं घेत नाही. घड्याळ जमा करा. मोजणी बंद."

"बंद? मग शनिवारी मी करू काय?"

"कोंबड्या मोजा की!"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या घरात कोंबडीसुद्धा नाही.

"दुसरा माणूस आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"फिदेलिनो."

हसू थांबलं. मागच्या बाकावर त्याची बायको एर्मिंदा बसली होती. तिने मान वर केली.

मग मी सांगायला लागलो.

ओढ्यावर दहा मीटर अंतराने दोन दोऱ्या ताणलेल्या. वरच्या दोरीशी मी. संत्रं पाण्यात टाकायचं आणि ओरडायचं, "सोडलं!" खालच्या दोरीशी घड्याळ घेऊन फिदेलिनो. संत्रं पोचलं की तो ओरडणार, "आलं!" मध्ये नेच्यांची दाटी, त्यामुळे आम्ही एकमेकांना दिसायचो नाही.

नुसता आवाज. बारा वर्षं.

तो गेल्यावर मी एकटाच. संत्रं टाकायचं आणि दगडांवरून पळत सुटायचं. एकाहत्तराव्या वर्षी. दर वेळी संत्रंच आधी पोचायचं.

त्या शनिवारी धुकं उतरलं होतं. मी बाटलीत पाणी भरलं. स्वच्छ. त्यात तपासणीची पट्टी बुडवली. रंग नेहमीचा.

सगळं नेहमीचंच होतं.

फक्त… पक्षी बोलत नव्हते.

मग बेडूक थांबले.

मग… ओढ्याचा आवाज थांबला.

पाणी वाहताना दिसत होतं. पण आवाज नव्हता.

तरी हात सवयीचे. संत्रं टाकलं, सवयीनेच ओरडलो, "सोडलं!"

पळायचं राहूनच गेलं.

संत्रं नेच्यांमागे दिसेनासं झालं.

शांतता…

आणि खालून…

"आलं!"

"देवा रे!" नूबियाने छातीवर क्रूस काढला.

वाटलं, पोपट असेल. पिशवीतून दुसरं संत्रं काढलं. "सोडलं!" माझा आवाज फाटला.

वाट बघत राहिलो…

"आलं!"

तोच आवाज. विडीने घोगरा झालेला. जरा कंटाळलेला. मेल्यावरही माणूस कंटाळलेलाच!

मी दगड धरत धरत खाली उतरलो.

खालच्या दोरीशी कुणी नव्हतं. चिखल ओला, पण त्यावर पाऊल नव्हतं. माझी वही मी ठेवली होती तिथेच, दगडावर.

फक्त… उघडी.

त्यात दोन आकडे होते. दहा सेकंद. दहा सेकंद.

"आणि घड्याळ?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या खिशात. त्याला आता लागत नाही." मी वही आणि जुने तक्ते टेबलावर ठेवले. "अक्षर बघा. शून्याला वर शेंडी. बारा वर्षांचे तक्ते असेच आहेत. म्हणजे आम्ही दोघं आहोत. आता करा बंद!"

नूबियाने वही उचलून शून्यं निरखली. मला वाटलं, जमलं.

एर्मिंदा उठली. चष्मा लावला. वही घेतली, एक तक्ता शेजारी धरला.

"खोटारड्या!" ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांदेखत. "फिदेलिनोला लिहिता येत नव्हतं. आकडे डोक्यात धरून तो घरी यायचा आणि लिहायचे मी. तुला सांगायची त्याला लाज वाटायची. हे शेंडीचं शून्य माझं आहे, मेल्या. बरं गिरवलंस!"

खोलीत हशा फुटला. मी मान खाली घातली आणि घड्याळ काढायला खिशात हात घातला.

एर्मिंदा मात्र हसत नव्हती. लोक गप्प होईपर्यंत ती थांबली. मग जवळ आली आणि हळूच म्हणाली,

"अक्षर खोटं, कळलं. पण हाक?"

माझ्याने तिच्याकडे बघवेना.

"घड्याळ राहू दे खिशात," ती म्हणाली. "शनिवारी खालच्या दोरीशी मी उभी राहते. तू वरून ओरड. मी तोंड उघडणार नाही."