शेजारची सीट

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घालायची गरजच पडली नाही.

आणि आधीच सांगून टाकतो. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, कुत्रीबित्री रडत नाहीत. जे झालं ते भर दुपारी झालं, पावणेचारच्या सुमाराला, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी गाड्यांच्या सीट शिवतो. एकतीस वर्षं हेच करतोय. शेडमध्ये दोन मशीन आहेत. एकावर मी, दुसऱ्यावर बायको. पायपिंगचं, म्हणजे सीटच्या कडेच्या गोठाचं काम तिचं. माझ्यापेक्षा सरळ शिवते, पण हे तिला मी सांगत नाही. एकतीस वर्षांत माझं एकही काम परत आलेलं नाही.

त्या गाडीने मात्र माझं डोकं फिरवलं.

दोन माणसांची, बुटकी, लाल, जुनी स्पोर्ट्स कार. चष्म्याचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी आणली. आम्ही त्यांना चष्मेवालेच म्हणायचो. गाडी त्यांच्या वडिलांची.

"मास्तर, आतलं सगळं नवं करायचंय. सीट, दाराची आतली बाजू, खालचा गालिचा, सगळं. पण जुन्यासारखंच दिसलं पाहिजे."

"होईल. तीन महिने लागतील."

"दोन आठवडे आहेत माझ्याकडे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"बाबा आठ महिने अंथरुणाला खिळलेत. डॉक्टर म्हणाले, काय हौस असेल ती आत्ताच पुरवा. बाबांची एकच हौस आहे. या गाडीतून एक चक्कर. त्यांना आता चालवता येणार नाही. मी चालवीन, ते शेजारी बसतील. दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी."

आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणालो. तिथेच चुकलं.

पहिल्याच दिवशी दोन्ही सीट उसवल्या. चालवणाऱ्याची सीट झिजायला हवी तशी झिजलेली. पण शेजारची...

शेजारची सीट जास्त बसलेली होती.

मधोमध नाही. दाराच्या बाजूला. खड्डा छोटा, अरुंद. कुणीतरी बारीक अंगाचं माणूस वर्षानुवर्षं तिथे खिडकीकडे कलून बसलंय, असा.

"इथे कोण बसायचं?" मी फोनवर विचारलं.

"कुणीच नाही. बाबा कुणाला बसूच द्यायचे नाहीत. मला नाही, आईलासुद्धा नाही. आई बिचारी आयुष्यभर बसने हिंडली."

मी म्हटलं, असेल. श्रीमंतांच्या घरातल्या भानगडीत आपण कशाला पडा.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं असं माझी बायको म्हणते.

जुन्या सीटमध्ये फोम नसतो. घोड्याच्या कुरळ्या केसांचं भरण असतं. आता ते मिळत नाही. आणि आमच्या धंद्यात असलं भरण कुणी टाकून देत नाही. धुऊन, पिंजून, उन्हात वाळवून घरच्या कामाला वापरतात. गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत नाही. मीही विचारलं नाही. बायकोची पाठ दुखायची, मशीनच्या खुर्चीला उशी करा म्हणून दोन वर्षं मागे लागली होती. शेजारच्या सीटचं भरण मऊ निघालं. त्याची उशी शिवली आणि तिच्या खुर्चीवर बसवली.

"वा! आज सूर्य कुठून उगवला?" ती म्हणाली.

सीटमध्ये नवा फोम घातला.

पहिल्या आठवड्यात दारं झाली, गालिचा झाला, चालवणाऱ्याची सीट तर अशी बसली की मीच दोनदा बसून घेतलं. मग शेजारची घेतली. शिवली, चढवली, ओढून ठोकली. झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर...

दाराच्या बाजूला सुरकुत्या.

मी डोक्याला हात लावला. चूक कळली होती. जुनं कव्हर उसवून त्याच्यावरूनच नवं लेदर कापलं होतं मी. जुनं कव्हर माणसाच्या वजनाने ताणलेलं असतं, त्याचं माप खोटं. माप सांगाड्यावरून घ्यायचं असतं. शिकाऊ माणूसही ही चूक करत नाही. स्वतःला चार शिव्या घातल्या, नवं लेदर आणलं, सांगाड्यावरून कापलं, पुन्हा शिवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डा. त्याच जागी.

फोमवाल्याकडे जाऊन भांडलो. तो म्हणाला, "मास्तर, याच फोमवर तुम्ही दुसरी सीट केलीत. ती बसली का? मग?" उत्तर नव्हतं, म्हणून आणखी भांडलो. कडक फोम आणला. इतका कडक की बायको म्हणाली, "अहो, म्हातारा माणूस बसणार आहे, त्याला काय शिक्षा द्यायचीय?"

तरी खड्डा.

बुधवार संपला. हातात तीन दिवस. जेवण जाईना. बायकोवर ओरडत होतो, मशीनवर ओरडत होतो, रेडिओ सुरू होता म्हणून त्याच्यावरही ओरडलो.

गुरुवारी बायको सकाळपासून तिच्या बहिणीकडे गेली होती. मी एकटाच. पुन्हा सीट चढवली आणि शिलाई सरळ आहे का बघायला लेदरवर खडूने आडव्याउभ्या रेघा मारल्या. शेडला कडी घातली आणि जेवायला घरात गेलो. परत आलो. कडी तशीच होती.

रेघा मधून पुसलेल्या होत्या...

मांजर असेल म्हणून शेडभर शोधलं. मांजर नव्हतं. वैतागून पुन्हा रेघा मारल्या.

संध्याकाळी बायको आली आणि दारातूनच तिने तोंड सुरू केलं. "माझ्या खुर्चीवर खडूचे हात कुणी पुसले?"

"मी कशाला पुसू?"

"मग ही काय जादू झाली?"

मी जाऊन पाहिलं. तपकिरी उशीवर खडूचे दोन पांढरट डाग होते. शेजारी शेजारी.

हाताचे नव्हते. कुणी बसून उठल्यावर उमटतात, तसे होते.

 मी ते फडक्याने झटकून टाकले. ती म्हणाली, "आणि दुसरं म्हणजे, ही खुर्ची नेहमी गरम कशी असते हो? मी येऊन बसते तेव्हा कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटतं."

"ऊन येतं तिथे," मी म्हणालो.

तिथे ऊन येत नाही. तिलाही ते माहीत होतं.

शनिवार उजाडला. शेवटचा दिवस. पाचव्यांदा तीच सीट चढवली. लेदर ढोलाच्या पानासारखं ताणलेलं. गाडीची दोन्ही दारं लावली आणि पाठ करून मशीनवर बसलो, दाराच्या कप्प्याची राहिलेली पट्टी शिवायला. बायको घरात होती.

पावणेचार झाले असतील.

मागे आवाज झाला...

कर्र.

मी मशीन थांबवलं.

काहीच नाही. शेड इतकी शांत की पत्रा उन्हाने तडकला तेही ऐकू आलं.

पुन्हा... कर्र. आणि मग एक लांब, सावकाश आवाज. जुन्या स्प्रिंगवर माणूस सावरून बसलं की होतो, तसा. एकतीस वर्षं हा आवाज ऐकतोय. यात माझी चूक होणार नाही.

मी वळलो. गाडीचं छत उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

पण सीट...

माझ्या डोळ्यांदेखत सीट खाली जात होती. आधी मध्ये. मग हळूहळू दाराच्या बाजूला. लेदरवर एक एक सुरकुती उमटत गेली, आणि पाठीचा भाग किंचित दबला.

कुणीतरी टेकून बसलं होतं.

खरं सांगतो, मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वेळा! पाच वेळा शिवली होती मी ती सीट! बोटं सोलली होती. उद्या सकाळी एक मरायला टेकलेला माणूस येणार होता, आणि हे... हे जे काय होतं ते, खुशाल माझ्या कामावर येऊन बसत होतं.

मी हातातली कात्री आपटली आणि ओरडलो, "ऊठ! आधी ऊठ तिथून! ही सीट तुझ्यासाठी नाही!"

क्षणभर काही झालं नाही.

मग सीट वर आली.

घाबरल्यासारखी... झटकन. कुणाला भर पंगतीतून उठवावं, तशी.

आणि माझ्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, बायकोची रिकामी खुर्ची वाजली.

तेव्हा मात्र भीती वाटली. मी तसाच उभा राहिलो.  बायको चहा घेऊन आली.

"कुणावर ओरडत होतात?" तिने विचारलं, आणि बसायला खुर्ची ओढली. उशीला हात लागला मात्र, तिने तो काढून घेतला. मग ती माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून ती त्या खुर्चीवर बसलेली नाही.

रविवारी सकाळी सीट सपाट होती. एक सुरकुती नाही. एकतीस वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम.

चष्मेवाले वडिलांना चाकाच्या खुर्चीत घेऊन आले. म्हातारा अगदी हलका झाला होता, पण दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. मुलाने गाडीचं दार उघडलं. म्हाताऱ्याने वाकून सीटवर तळहात ठेवला. मधोमध दाबून पाहिलं. मग हात दाराच्या बाजूला सरकवला. तिथेही दाबलं.

त्याचा चेहरा उतरला.

"कुठे गेली?" तो म्हणाला.

"कोण, बाबा?" मुलाने विचारलं.

 म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी स्वच्छ होते.

"तुम्ही... उठवलंत तिला?"

मी चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

"मास्तर, मनावर घेऊ नका," चष्मेवाले ओशाळून म्हणाले. "हल्ली ते असंच काहीतरी बोलतात."

"आतलं जुनं भरण," म्हातारा म्हणाला. "ते कुठंय?"

माझ्या मागे चार पावलांवर ती खुर्ची होती. बायको खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी होती. एक शब्द बोलायचा होता फक्त. पण गिऱ्हाइकाचं भरण न विचारता काढून बायकोच्या बुडाखाली घातलं, हे त्या इस्त्रीच्या सदऱ्यासमोर कसं सांगू? एकतीस वर्षांचं नाव होतं माझं.

"टाकून दिलं," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. 

म्हाताऱ्याने हळूच मान डोलावली. "शिलाई छान झालीय," तो म्हणाला. मग मुलाने त्याला उचलून सीटवर बसवलं. तो चालवणाऱ्याच्या बाजूला अंग चोरून बसला. दाराकडची जागा त्याने मोकळी सोडली होती.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. पाच मिनिटंही झाली नसतील.

"बाबा म्हणतात, घरी चला," चष्मेवाले म्हणाले. एवढ्यासाठी दोन आठवडे धावपळ केली, म्हणून तेही चिडलेले दिसले.

म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता. शेडच्या उघड्या दारातून आत, मशीनच्या दिशेने बघत होता. काय दिसत होतं त्याला, देव जाणे.

मी रोज ठरवायचो, उद्या उशी उसवतो आणि भरण नेऊन देतो. काय सांगायचं ते बघू. उद्या, उद्या करत अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी चष्मेवाल्यांचा फोन आला. बाबा गेले. शेवटी शेवटी एकच गोष्ट बोलत होते म्हणे... तिला बसायला जागा द्या.

"कुणाला, ते काही कळलं नाही," चष्मेवाले म्हणाले. गाडी त्यांनी विकली. कुठल्या गावाला गेली, तेही मी विचारलं नाही.

खुर्ची अजून शेडमध्ये आहे. बायको स्टुलावर बसून पायपिंग करते. उशी उसवायला मी दोनदा कात्री घेतली, दोन्ही वेळा हात पुढे गेला नाही. पावणेचारला कर्र वाजतं. आम्ही दोघंही त्या वेळी मशीन बंद ठेवतो. ठरवून नाही, आपोआप.

परवा बायकोची पाठ फारच धरली. स्टुलावरून उठवेना. मला तिची कणव आली आणि स्वतःचा संताप. मी खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. या वेळी ओरडलो नाही. हळूच म्हणालो, "ऊठ आता."

उशी थोडी वर आली...

आणि थांबली. दाराशी जाऊन थबकावं, तशी.

मी वाट पाहिली. ती कुठे जाणार, हे मला तरी कुठे सांगता येणार होतं? गाडी नाही. म्हातारा नाही.

उशी सावकाश पुन्हा खाली बसली.

"राहू द्या हो," मागून बायको म्हणाली. "मी बसते स्टुलावर."