आवाजाकडे बोट

पेडगावच्या सिताराम गुरुजींचा डावा कान दहा वर्षांपासून बंद होता. सुलाबाईंना नवऱ्याशी काही बोलायचं झालं की त्या पाठीमागून वळसा घालून त्यांच्या उजवीकडे येत. सुलाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. मागे उरली तीन मिनिटांची एक टेप: ज्वारी निवडता निवडता शेजारणीशी चाललेलं बोलणं.

त्या घरातच बसून बोलतायत असं एकदा ऐकू यावं, एवढीच गुरुजींची इच्छा. साधा स्पीकर आवाज एकाच दिशेला फेकतो, म्हणून चहूकडे आवाज पसरवणारे दोन स्पीकर त्यांनी घरीच बनवले. एका खोक्याच्या चारी बाजूंना चार छोटे स्पीकर. दुसरा मडक्याचा: तोंडावर आभाळाकडे बघणारा एकच स्पीकर, त्यावर पत्र्याचं नरसाळं. आवाज नरसाळ्यावर आदळून सगळीकडे सांडायचा.

पण एका कानाला दिशा कळत नाही. म्हणून त्यांनी शिकवणीची चार पोरं बोलावली. भर दुपारी, पंखा बंद करून, चार भिंतींशी एकेकाला बसवलं. डोळे मिटायचे, आणि आजी जिथं बसल्यासारख्या वाटतील तिकडं बोट करायचं.

खोकं वाजलं. आवाज स्वच्छ, जरा टोचरा. चारी बोटं खोक्याकडे.

मडकं वाजलं. आवाज मऊ, भरदार. चारी बोटं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे वळली. सुलाबाई तिथंच बसून ज्वारी निवडत.

"अरे, मडकं इकडं हाय," गुरुजी म्हणाले.

"मडक्यात आजी कशा मावतील, गुरुजी?" अपेक्षा डोळे न उघडता म्हणाली. पोरं खुदखुदली.

आवाज भिंतीवरून परत येतो तेव्हा कान फसतात, असं गुरुजींनी समजावलं. मडकं दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टेप पुन्हा लावली आणि ते खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. बोटं उंबऱ्याकडेच.

टेप अर्ध्यावर असताना लाईट गेली. टेपचा लाल दिवा विझला, आवाज तुटला.

बोटं मात्र खाली आली नाहीत.

"अजून ऐकू यायलंय?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"सूप खाली ठेवलं त्यांनी," अपेक्षा म्हणाली. "उठायल्यात."

चारी बोटं एकदम हलली. उंबऱ्यापासून सरकत गुरुजींच्या डाव्या खांद्याशी आली.

थांबली.

मग त्यांच्या पाठीमागून, सावकाश, उजवीकडे गेली.

गुरुजींनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचंही बोट वर झालं.