पंपाजवळची पाटी

धावपट्टी एक. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी एक, टोकाला फाटलेली. विमानं ठेवायचे हँगर चार. इंधनाचा पंप एक, आणि त्याच्याशेजारच्या पाटीमागे गांधीलमाश्यांचं पोळं एक. कंट्रोल टॉवर शून्य. सोमवार सकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत उतरलेली विमानं ४१. त्यांपैकी रेडिओवर ऐकू आलेली ३६.

"म्हणजे पाच मुकी!" एमिल ओरडला. "आणि ताई, पाचही वेळा मर्लकाकाच!"

"तोंडातला गोड कोलाचे-पाव आधी गीळ, मग ओरड," लिबी म्हणाली आणि तिने वही मिटली.

लिबी कोवारिक तेरा वर्षांची, तिचा भाऊ एमिल दहाचा आणि मैत्रीण मारिसोल बाराची. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून तिघं रोज ब्लूस्टेमच्या विमानतळावर हातातले छोटे रेडिओ लावून ठाण मांडून बसत. इथे 'तू थांब, तू ये' असं सांगायला टॉवरवर कुणी नव्हतं. प्रत्येक वैमानिकाने आपण कुठे आहोत ते रेडिओवर सांगायचं आणि दुसऱ्यांचं ऐकायचं. त्यासाठी सगळ्यांचे रेडिओ एकाच आकड्यावर लावलेले हवेत, एवढंच!

आज सकाळी आजोबा आपलं विमान घेऊन उतरण्यासाठी वळले आणि मर्लकाकांचं पिवळं फवारणी विमान त्यांच्या पोटाखालून सटकन गेलं. मध्ये जेमतेम एका घराच्या उंचीएवढी जागा! आजोबा खाली आले ते टोपी आपटतच.

"उद्या सकाळी त्याला सांगतो, गाशा गुंडाळ!" ते गरजले होते. आजोबा विमानतळ समितीचे अध्यक्ष होते. "शनिवारी न्याहारीच्या मेळ्याला तीस विमानं येणार. त्यात हा मुका नको!"

मक्याच्या फवारणीचा हंगाम ऐन भरात होता आणि मर्लकाका त्यासाठीच बाहेरगावाहून आले होते. इथून हाकललं की मर्लकाकांचं वर्षाचं काम गेलं.

"पण ते बोलत का नाहीत?" मारिसोलने विचारलं. "तसे तर खाली आले की तोंडाला टाळंच नसतं."

"चला, त्यांनाच विचारू!" लिबी उठली.

मर्लकाका विमानाची काच पुसत होते. प्रश्न ऐकून ते खो-खो हसले.

"मी बोलत नाही? अरे पोरांनो, मी इतका बोलतो की बायको मला घरापेक्षा विमानात बरा म्हणते! मुके तुम्हीच. आल्यापासून रेडिओवर एक चिटपाखरू बोललेलं नाही. मला वाटलं, या गावाची माणसंच अबोल!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिबी पंखावर चढली आणि आत वाकली. रेडिओवर आकडा होता १२२.८. ब्लूस्टेमचा आकडा मे महिन्यापासून १२३.० झाला होता!

"काका, हा आकडा कुठून घेतला?"

"पंपाजवळच्या पाटीवरून. आलो त्याच दिवशी."

लिबीचे कान तापले.

मे महिन्यात हावेलबाईंनी तिला पांढऱ्या रंगाचा डबा आणि आकड्यांचे साचे दिले होते. हावेलबाई विमानतळाच्या व्यवस्थापक. दोन पाट्या बदलायच्या होत्या. हँगरवरची तिने सुरेख रंगवली. पंपाजवळ गेली तर पाटीमागून गांधीलमाशी आली आणि मनगटाला डसली. लिबी जी पळाली ती घरीच. "झालं का गं?" बाईंनी विचारलं होतं. "हो, दोन्ही," ती म्हणाली होती.

"चला, पाटी बघू!" एमिल धावायच्या बेतात होता.

"नको! आधी... आधी प्रयोग करू. उद्या." ती स्वतःचाच आवाज ऐकत होती. प्रयोग चांगलाच होता, पण तो उद्यावर का ढकलला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी मर्लकाकांनी विमानतळाभोवती एक फेरी मारली. एमिलच्या हातातला रेडिओ १२२.८ वर, लिबीचा १२३.० वर. एमिलला चार निरोप खणखणीत ऐकू आले. लिबीला एकही नाही.

काका उतरले आणि नेमके त्याच वेळी आजोबा हावेलबाईंना घेऊन तावातावाने आले.

"मर्ल, तुमचं सामान..."

"आजोबा, थांबा!" एमिल मध्ये घुसला. "काका बोलतात, पण जुन्या आकड्यावर! पंपाजवळची पाटी कुणीतरी बदललीच नाही. कोण गाढव आहे तो!"

"अशक्य," हावेलबाई म्हणाल्या. "दोन्ही पाट्या बदलल्यात. आपली चूक झाकायला मुलांना पुढे करता, मर्ल? थापा मारायलाही काही सीमा असते!"

मर्लकाकांचं हसू मावळलं. त्यांनी हातातल्या फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

लिबीला ते पाहवेना.

"काका खरं बोलतायत," ती म्हणाली. "गाढव मी आहे. मी पाटी रंगवली नाही आणि बाईंना खोटं सांगितलं. कालच माझ्या लक्षात आलं होतं, तरी गप्प बसले."

पंपाशी जाऊन सगळ्यांनी पाटी पाहिली. १२२.८. आजोबांनी पाटीकडे पाहिलं, मग लिबीकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आधी हावेलबाईच बोलल्या. "मी रोज इथे येते. दोन महिन्यांत एकदाही पाटीकडे मान वर करून पाहिलं नाही. मर्ल, मला माफ करा."

"नवा नकाशा माझ्याही पिशवीत आहे," मर्लकाका पुटपुटले. "त्यात आकडा असणारच. मी तो उघडलाच नाही."

आजोबांनी टोपी काढली. "रेडिओ शांत, म्हणून मी आकाश रिकामं धरून चाललो. चाळीस वर्षं विमान चालवतोय, पण वळताना खाली पाहिलं नाही. मर्ल, गाशा गुंडाळायचं मी म्हणालोच नाही, असं समजा." मग ते मुलांकडे वळले. "तुम्ही ही मोजणी केली नसती तर उद्या काय झालं असतं, कल्पनाही करवत नाही. शाब्बास! लिबी, तुलाही. खोटं बोललीस ते विसरणार नाही, पण आज सर्वांसमोर खरं बोललीस, तेही विसरणार नाही."

लिबीची नजर बुटांवरून हलेना.

मर्लकाकांनी जाड जाकीट आणि हातमोजे चढवून पोळं काढलं. चार माश्या डसल्या तरी त्यांची बडबड थांबली नाही. मग लिबीने पाटी रंगवली. एमिल डबा धरून उभा होता.

"ताई, ते 'गाढव' मागे घेऊ का?"

"नको. राहू दे."

शनिवारी न्याहारीच्या मेळ्याला उतरलेली विमानं ३१. रेडिओवर ऐकू आलेली ३१.