अकरावी तबकडी

सलग तिसऱ्या शनिवारी उर्वी हरीशकाकांकडे निघाली ती फक्त काम संपवायला. हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनला उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजत होते आणि डिसेंबरचा उजेड एवढ्यातच आवराआवर करायला लागला होता. अकरा जुन्या तबकड्या डिजिटल करायच्या होत्या. दहा झाल्या होत्या, एक उरली होती.

तबकड्या व्हलेरियान ओझेरोव या उंच पट्टीत गाणाऱ्या रशियन टेनरच्या. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यानं पीटर्सबर्गचं ऑपेरागृह पाच वर्षं गाजवलं, एका हॉटेलच्या खोलीत अकरा गाणी मुद्रित केली, आणि अकराव्यानंतर तो जन्मात गायला नाही. थंडीनं आवाज गेला, असं हरीशकाकांनी चाळीस वर्षं लिहिलं होतं. त्यांना खोडून काढणारं कुणी नव्हतं, कारण ओझेरोव दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हता. उद्या हॅरोतल्या मराठी संगीतप्रेमींच्या बैठकीत त्यांचा कार्यक्रम होता.

दार सुप्रभाकाकूंनी उघडलं. "ये गं. जरा सांभाळून बोल आज. बीपी वाढलंय त्यांचं."

काकांनी छापलेली पत्रिका पुढे केली. 'ओझेरोव: एकट्याचा पराक्रम. संशोधन व सादरीकरण: हरीश दाबके.'

"माझं नाव कुठंय, काका?"

"अगं, गायला तो, शोधला मी. तू मशीन चालवलंस."

उर्वीनं ते गिळलं. तीन शनिवार, एडिनबऱ्यात दोन वर्षं घासून मिळवलेली साउंड रिस्टोरेशनची डिग्री, आणि म्हणे मशीन चालवलंस! पण तिचा राग नुसता त्या पत्रिकेवर नव्हता.

दहाही तबकड्यांत, सूर टिपेला जायच्या क्षणी, एक बारीक आवाज होता. बूट घासल्याचा. दोन पावलं मागे. तो कशाचा, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेव्हा माइक नव्हते. गवय्यानं पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि पलीकडे सुई मेणावर रेघ कोरायची. उंच सूर जवळून लागला की सुई उडायची, गाणं फुकट जायचं. म्हणून गवय्याच्या पाठीशी एक माणूस उभा असायचा. तो कोट मुठीत धरून वेळेवर त्याला मागे ओढायचा.

"ओझेरोवला कुणी ओढत नव्हतं," काका म्हणाले. "तो स्वतः मागे सरकायचा. त्याचा अंदाजच तसा होता."

"मग बुटांचे दोन जोड का ऐकू येतात? दुसरं माणूस होतं, काका. हमाल असेल, कुणी बाई असेल. नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही."

"सरफेस नॉइज आहे तो, तबकडीचीच खरखर. काढून टाक."

तिनं ते तसंच ठेवलं. एक गोष्ट तर तिनं काकांना सांगितलीच नव्हती. त्या प्रत्येक टिपेला तिची चाकं लावलेली ऑफिसची खुर्ची हलकेच मागे जायची. वीतभर. जमीन उतरती असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. आज बसण्याआधी तिनं जमिनीवर पेन्सिल ठेवून पाहिली. पेन्सिल जागची हलली नाही.

तिनं अकरावी तबकडी लावली. आधी खरखर. मग एका पुरुषाचं चिडकं वाक्य, आणि गाणं. सूर चढत गेला... चढत गेला... बूट वाजले नाहीत. खुर्चीही हलली नाही. आवाज एकदम कानाशी आला आणि मधेच तुटला. पुढची निम्मी तबकडी कोरी होती.

उर्वीची मैत्रीण निधी केंब्रिजला रशियन शिकत होती. उर्वीनं ते वाक्य तिला पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'आज मला मागून कुणी धरायचं नाही, असं म्हणतोय. जाम भडकलाय. कोण आहे हा?'

"बघा!" उर्वीनं फोन काकांच्या नाकासमोर धरला. "थंडीबिंडी काही नाही. धरणारं माणूस यानंच हाकललं, आणि त्याच गाण्यात आवाज गेला. उद्या हे सांगा लोकांना."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "चाळीस वर्षं लिहितोय मी! तू कालची पोर मला शिकवणार? सगळ्या तबकड्यांतून ते घासणं काढ. आत्ताच्या आत्ता!"

काकू मागून आल्या आणि त्यांनी काकांचा स्वेटर पाठीशी धरून हलकेच ओढला. काका फार चढले की त्या नेहमी असंच करायच्या.

"सोड गं!" काकांनी पाठ झटकली. काकूंनी हात काढला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"घ्या!" उर्वीनं कॉम्प्युटरवर तिसऱ्या तबकडीतलं घासणं निवडून उडवलं आणि गाणं लावलं. "ऐका तुमचा एकट्याचा पराक्रम!"

काका सवयीनं स्पीकरला जवळजवळ चिकटून उभे राहिले आणि ओझेरोवबरोबर गायला लागले. टिपेची जागा आली. दर वेळी इथं तो आवाज लांब जायचा. आज गेला नाही. तो पुढे आला. स्पीकरमधून बाहेर, खोलीत, काकांच्या उघड्या तोंडापाशी. तापलेल्या मेणाचा वास सुटला, आणि ओल्या लोकरीचा...

गाणं थांबलं. काकांचे ओठ हलत राहिले.

"काका...?"

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

हॉस्पिटलात घशात कॅमेरा घालून पाहिलं. रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. "सगळं ठीक आहे म्हणतात गं... फक्त आवाज नाही."

तोवर उर्वीनं घासणं होतं तिथं परत बसवलं होतं. कार्यक्रम रद्द झाला नाही. लायब्ररीच्या हॉलमध्ये वीसेक पिकली डोकी जमली होती. काका मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी काकू.

"हरीशरावांचा लेख मी वाचतो," अध्यक्ष म्हणाले. "ही मुलगी नुसती बटणं दाबेल."

ते वाचायला लागले. "ओझेरोवला कधीही कुणाच्या आधाराची गरज पडली नाही..."

उर्वी ताडकन उठली. "खोटं आहे हे!"

"खाली बस, बाळ. मोठी माणसं बोलतायत."

"नाही बसणार! प्रत्येक गाण्यात त्याच्या पाठीशी एक माणूस उभं होतं, आणि तुम्ही सगळे..." तिचा आवाज चढत गेला. तिलाही तो चढलेलाच हवा होता.

तेवढ्यात तिचा कोट पाठीशी कुणीतरी मुठीत धरला. ओढला. तिचे बूट फरशीवर घासले. दोन पावलं.

तिनं वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

पहिल्या रांगेत काका धडपडत उठले होते आणि दोन्ही हात जोराजोरात हलवत होते. नको, नको... आवाज गेला तरी हे मला गप्पच करणार! उर्वीचं डोकं फिरलं. पाठीवरची मूठ आणखी घट्ट झाली.

"सोड मला!" ती ओरडली.

मूठ लगेच सुटली. कुणीतरी जड बुटांनी तिच्यापासून दूर चालत गेलं, हॉलच्या दारापर्यंत. हॉलमध्ये ओल्या लोकरीचा वास पसरला. सगळे तिच्याकडे बघत होते.

उर्वीनं छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.